सोंडेचा पाहुणा

ऑगस्ट उतरणीला लागला की आमच्या मागच्या अंगणातल्या फ्युशियाला घंटा लागतात. वर लाल पाकळ्या, आत जांभळा झगा आणि झग्याखाली परकराची नाडी लोंबावी तसे केसर. इथे पश्चिमेकडच्या गावांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी याची कुंपणं असतात. आमच्या डब्लिनच्या ॲडम्सटाउनमध्ये कुंपणभर फ्युशिया परवडण्याइतकी जागा नाही, म्हणून तो मोठ्या कुंडीत आहे. अंगण म्हणजे तरी काय, तर कपड्यांची एक दोरी, ही कुंडी, एक लाकडी कुंपण आणि कुंपणापलीकडे ब्रीडा.

ब्रीडा सत्तरीची आहे आणि तिचं नमस्कार-चमत्काराचं वाक्य ठरलेलं आहे. ऊन असेल तर "आज ड्राइंग चांगलं आहे," आणि नसेल तर "आज ड्राइंग नाही." ड्राइंग म्हणजे कपडे वाळणं, आणि तो या देशात हवामानाचा नव्हे, नशिबाचा भाग आहे, हे मला कळायला पाच-सहा वर्षं आणि बरेच दमट मोजे लागले.

आज सकाळी ड्राइंग चांगलं होतं. मी दोरीवरचे कपडे काढायला गेलो तर कुंडीच्या कडेला काळे दाणे पडलेले. मिऱ्यांसारखे, पण मिरे नव्हेत. मी खाली वाकलो, माझ्या गुडघ्याने नेहमीची प्रतिक्रिया दिली, आणि एका फांदीच्या मागे मला तो दिसला. बोटाएवढा जाड, तपकिरी, शेपटीला एक छोटं शिंग.

"आले गं!" मी आत ओरडलो.

"कोण?" मेघाने, म्हणजे बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"सोंडवाले!"

गॅस बंद झाल्याचा टक्क आवाज आला. आमच्या घरात गॅस बंद करून कुणी माझं काही बघायला येण्याचे प्रसंग थोडे. हा त्यातला एक.

पहिल्यांदा तो आला तेव्हा मात्र मी असा आनंदाने ओरडलो नव्हतो.

त्या वर्षी मार्चमध्ये माझे सासरे गेले. अमरावतीला, घरच्या खुर्चीत, पेपर मांडीवर असताना. सासूबाई कोपऱ्यावर दूध आणायला गेल्या होत्या. पिशवी घेऊन परत आल्या तोवर सगळं संपलं होतं. "मी गेलीच काहून?" हे वाक्य त्या महिन्यात आम्ही फोनवर इतक्यांदा ऐकलं की शेवटी मेघाने तिकीट काढलं आणि जुलैअखेरीला त्यांना इकडे घेऊन आली.

इकडे आल्यावर त्यांनी आम्हाला काही त्रास दिला नाही, हाच त्रास होता. चहा द्या, पीत. जेवायला बोलवा, येत. खिडकीशी ठेवलेल्या खुर्चीत बसत आणि बाहेर ड्राइंग असो वा नसो, बाहेर जात नसत. अमरावतीला ज्या बाईच्या आवाजाने दोन गल्ल्या सोडून भाजीवाला वळायचा, तिने इथे दोन आठवड्यांत आवाज म्हणून काढला नव्हता. मी जावई या नात्याने विनोद करून पाहिले. त्या माझ्याकडे ज्या सहानुभूतीने बघत त्यावरून दुःखात कोण आहे हे मला कळेनासं व्हायचं.

आणि एका शनिवारी संध्याकाळी मी कपडे काढायला गेलो. टॉवेल ओढला, त्याने फ्युशियाची फांदी हलली, आणि माझ्या नाकापासून हातभर अंतरावर एक डोकं फुगलं. त्यावर मोठे काळे डोळे होते. दोन नव्हे, चार.

"साप!"

मी नुसता ओरडलो नाही, तर टॉवेल टाकून मागे उडालो आणि ब्रीडाच्या कुंपणाला पाठ टेकून उभा राहिलो. ब्रीडाचं डोकं वर आलं. तिने काय झालं विचारलं, मी इंग्रजीत साप सांगितला, आणि ती आधी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मला समजावलं की या अख्ख्या बेटावर साप नाही. एका संताने सगळे हाकलून दिले. शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. एवढं सांगून ती कुंपण धरून हसायला लागली.

पण "साप" हा शब्द घरातही पोचला होता. आणि खिडकीतल्या खुर्चीतून सासूबाई उठल्या होत्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा पदर कमरेला खोचलेला होता, हातात लांब दांड्याचा झाडू होता आणि पायात मेघाच्या बाथरूममधल्या चपला. "व्हा बाजूले, जावईबुवा!" त्या म्हणाल्या. मी आधीच बाजूलाच होतो. वऱ्हाडात विहिरीवर, गोठ्यात, न्हाणीत साप निघाले म्हणजे घरातला पुरुष बोंबलतो आणि बाई काठी आणते, अशी विभागणी त्यांनी आयुष्यभर पाहिली असावी, कारण माझ्या वागण्याचं त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

झाडू उगारलेला तसाच राहिला. त्यांनी चष्मा वर-खाली केला. मग झाडू हळूच खाली ठेवला.

"अवो, हा तं सुरवंट होय."

त्याच्या जवळ कुणी हललं नाही तसा तो शांत झाला. फुगलेलं डोकं ओसरलं, डोळ्यांसारखे दिसणारे ते ठिपके सुरकुत्यांत गेले, आणि पुढचा भाग हळूहळू लांब, बारीक होत बाहेर आला. डावीकडे वळला, उजवीकडे वळला, पान चाचपून पाहू लागला.

"सोंड पाहा त्याची!" सासूबाई म्हणाल्या. "गनपती यायले अजून वेळ हाय, अन् हे पोट्टं आधीच येऊन बसलं." आणि त्या हसल्या. मार्चनंतर पहिल्यांदा. मेघा दारात उभी होती. ती मी टाकलेला टॉवेल उचलून उगाचच झटकत राहिली.

माझी मुलगी इरा तेव्हा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते डब्लिनच्या सुरात, इंग्रजीत. तिने शाळेतल्या पुस्तकातून पाहुण्याचं नाव काढलं, एलिफंट हॉक-मॉथ. म्हणजे हत्तीच्या नावाचा पतंग. आजीला नावाचं कौतुक वाटलं नाही. हत्ती आहे हे त्यांना दिसतच होतं.

मग तो ऋतू सुरू झाला. त्याला मी अजून नाव दिलेलं नाही. इथल्या हिशेबाने उन्हाळा संपत होता, आपल्या हिशेबाने श्रावण चालू होता, आणि आमच्या अंगणात सुरवंट फक्त खात होता. संध्याकाळी चारनंतर बाहेर यायचा आणि शेंड्याकडून खाली पानं साफ करत जायचा. इरा शाळेतून आली की आजी-नात दोन बुटक्या स्टुलांवर त्याच्यासमोर बसायच्या. इरा इंग्रजीत सांगायची, आजी वऱ्हाडीत. एकमेकींचं सगळं कळायचं असं नाही, पण दोघींनाही बोलायचंच जास्त असायचं.

"लहान होता तवा हिरवा असन हा," आजी.

"येस! हाऊ डिड यू नो?" इरा.

"आता पोट भरलं म्हनून मातकट झाला. तुह्या आज्याचंबी तसंच. रिटायर झाल्यावर."

आज्याचा उल्लेख असा, हसत, आला. मी आत भांडी घासत होतो. नळ बंद केला.

गणपती जवळ आला. सँट्री भागात राहणाऱ्या एका मित्राने हस्तकलेच्या दुकानातून मूर्तीची माती आणून दिली आणि आजी-नातीने मूर्ती केली. मूर्तीबद्दल एवढंच सांगतो की सोंड फार चांगली झाली होती, कारण मॉडेल समोर होतं. रंगावरून वाद झाला. पितांबर पिवळं असतं, हे आजीचं म्हणणं. इराला ते गुलाबी हवं होतं.

"गनपतीचं पिवळंच असते, पोरी."

"बट व्हाय?"

सासूबाईंनी बराच विचार केला. साठ वर्षं गणपती बसवणाऱ्या बाईला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी बीट उकडायला ठेवलं. गुलाबी पितांबर झालं. उपरण्यासाठी पालकाचा रस काढला, त्यात हळदीचा हात लागला, आणि जो रंग आला त्याला मराठीत शेवाळी म्हणतात. आम्ही त्या दिवशी त्याला बिघडलेला म्हणालो. तसा तो गुलाबी आणि शेवाळी गणपती आमच्या घरी बसला, आणि ज्यांनी ज्यांनी दर्शन घेतलं त्यांनी त्यांनी आधी "अरे वा" म्हणून मग थोडं थांबून "इको-फ्रेंडली आहे का?" असं विचारलं.

त्याच गडबडीत सुरवंट नाहीसा झाला. आजी आत तळणीचे मोदक करत होत्या. आमच्याकडे, म्हणजे माझ्या पुण्याच्या घरी, मोदक उकडीचे. सासरी तळणीचे. हा विषय मी इथे वाढवणार नाही. इरा एकटीच बाहेर होती. तिने त्याला फांदीवरून उतरताना, कुंडीतल्या मातीवर अस्वस्थ फिरताना आणि शेवटी बुंध्याशी, सुकल्या पानांखाली, मातीत शिरताना पाहिलं. आता तो तिथे कोश करणार, हिवाळाभर झोपणार आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पंख घेऊन वर येणार. तिने त्या जागेभोवती समुद्रावरून आणलेले पांढरे गोटे गोल रचले, म्हणजे तिथे कुणी हात लावू नये. मला सांगितलं, आईला सांगितलं. आजीला सांगायचं राहिलं, कारण घरात पाहुणे होते, आणि आजीचा घाणा कढईत होता.

विसर्जन बादलीत झालं. आरती झाली, इरा रडली, मूर्ती पाण्यात बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कामाला आणि शाळेला गेलो. बादलीत तळाशी गुलाबी-शेवाळी-राखाडी गाळ उरला होता. तो कुठे टाकायचा याचा नियम सासूबाईंना पाठ होता. झाडाच्या बुडाशी, जिथे कुणाचा पाय पडणार नाही अशा स्वच्छ जागी. त्या बादली घेऊन अंगणात गेल्या, आणि फ्युशियाच्या बुंध्याशी, पांढऱ्या गोट्यांच्या गोलात, त्यांना ती जागा कुणीतरी तयारच करून ठेवलेली दिसली.

एवढी नीट मांडलेली जागा पाहून त्यांना नातीचं कौतुक वाटलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. हात जोडून, मंत्र म्हणून, त्यांनी सगळी बादली तिथे ओतली.

दुपारी इरा घरी आली. कुंडीशी गेली. मग जो आवाज ऐकू आला त्याने ब्रीडाचं डोकं कुंपणावर आलं.

मातीचा जाड थर बसला होता, गिलाव्यासारखा. इरा म्हणत होती की तो आता वर कसा येणार. सासूबाईंना शब्द कळले नाहीत, पण गोटे, मुलीचं बोट आणि तिचे डोळे एवढं पुरलं. मी आलो तेव्हा त्या पुन्हा खिडकीतल्या खुर्चीत होत्या.

"माह्या हाताले झालं काय, जावईबुवा," त्या स्वतःच्या तळव्यांकडे बघत म्हणाल्या. "जिथं लावला तिथं संपते."

त्या दुधाच्या पिशवीबद्दल बोलत होत्या, हे कळायला मला वेळ लागला नाही. त्या दिवशी मी विनोद केला नाही.

मी मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. काही बिघडलं की आम्ही फळ्यावर माशाच्या काट्यांची आकृती काढून मूळ कारण शोधतो. मी प्रेसमधून, म्हणजे कपाटातून (इथे राहून राहून मीही तेच म्हणायला लागलोय), इराचे स्केचपेन काढले आणि उपायांचा आराखडा मांडला. थर खरवडायचा, की भोकं पाडायची, की अख्खी कुंडी उलटी करायची.

"तू कशालाही हात लावू नकोस," मेघा म्हणाली. "तू मिक्सर दुरुस्त केलास तेव्हापासून तो फिरत नाही, फक्त गातो."

ब्रीडाचंही तेच. खणलंत तर नक्की मरेल, म्हणाली. हे प्राणी चिखलातून, बर्फातून येतात. ही'ल बी ग्रँड, काही होत नाही त्याला. या देशात सगळंच ग्रँड असतं, पाय मोडला तरी, म्हणून आम्हाला त्याचा धीर वाटला नाही. पण कुणी खणलं नाही.

ऑक्टोबरात सासूबाई परत गेल्या. विमानतळावर त्यांनी इराला जवळ घेतलं नाही. डोक्यावरून लांबूनच हात फिरवल्यासारखं केलं. "निघाला तर सांगजो," म्हणाल्या. "अन् नाही निघाला तरी सांगजो. लपवू नोको."

तो हिवाळा आठवला की मला ती कुंडीच आठवते. चार वाजता अंधार, आडवा पाऊस, फ्युशियाच्या नुसत्या काटक्या. थरावर आधी पाणी साचलं, मग शेवाळ धरलं. वादळ आलं तेव्हा ब्रीडाच्या कचऱ्याचा डबा आमच्या अंगणात आला आणि आमची दोरी तिच्या अंगणात गेली, पण कुंडी हलली नाही. मी रात्रपाळीच्या रखवालदारासारखा तिच्यावर फुटकी छत्री बांधली होती. तीही ब्रीडाकडे गेली. ब्रीडा सकाळी छत्री परत देत विचारायची, "युअर मॅन अजून खालीच का?" इथे कुणाचाही उल्लेख "युअर मॅन" असाच होतो. तो माझा माणूस कधी झाला ते मला कळलं नव्हतं, पण झाला होता.

दर रविवारी अमरावतीहून तोच प्रश्न. "निघाला का वो?"

"थंडी आहे, आई. आता कसा निघेल?"

"मेला असन तं सांगा."

"झोपलाय."

"तेबी मले तसंच वाटले होते. खुर्चीत."



जानेवारीत मेघाला अमरावतीच्या शेजारणीकडून कळलं की त्या शेजारणीच्या सुनेला मुलगा झालाय, आणि बाळ घरी आलं तेव्हा आपल्या आईने ते मांडीवर घेतलं नाही. शेजारीण म्हणे बाळ पुढे करून उभी, आणि ही दोन्ही हात पदराखाली घेऊन. "सर्दी झाली मले," म्हणाली. अख्ख्या गल्लीतली पोरं जिच्या मांडीवर तेल-पाणी करून मोठी झाली, ती. मेघाने हे मला सांगितलं आणि मग अंगणात जाऊन त्या शेवाळलेल्या मातीसमोर उभी राहिली. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ती बँकेत रिस्कचं काम करते. तिथे उभी राहून ती त्या मातीला हळू आवाजात म्हणाली, "ये ना रे बाबा आता."

मला त्या दिवसांत कोशाबद्दल एक मोठी उपमा सुचली होती, बंद खोली, माणूस, ऊब वगैरे. मेघाने माझा चेहरा पाहिला आणि नुसतं "नाही" म्हणाली. ते बरं झालं. कारण वाचत गेलो तसं कळलं की कोशात ऊब वगैरे काही नसते. सुरवंट आत बराचसा विरघळतो. पाय जातात, तोंड जातं, सोंडही जाते. त्या रशातून पुन्हा कुणीतरी नवीन जमतं. मला ते वाचून शांत वाटलं नाही. भीतीच वाटली, की एवढं सगळं होत असताना वरून आम्ही बादली ओतली.

एप्रिल गेला. फ्युशियाला लाल कोंब आले. मे सुरू झाला. ब्रीडाच्या हनीसकलला फुलं लागली, संध्याकाळी दहापर्यंत उजेड राहायला लागला. इरा दररोज शाळेत जाण्याआधी कुंडीशी जायची आणि परत येऊन दप्तर उचलायची. मी मनातल्या मनात वाक्यं तयार करायला लागलो होतो. लपवू नोको, असं सांगितलेल्या बाईला न लपवता कसं सांगायचं, त्याची.

आणि मेअखेरच्या एका सकाळी इरा परत आत आलीच नाही.

आम्ही गेलो. ती स्टुलावर बसली होती. आजीच्या स्टुलावर. थराला एक चीर गेली होती, पापडाचा तुकडा उचलावा तसा मातीचा एक टवका वर आलेला, खाली बोट जाईल एवढं भोक. आणि वीतभर वर, फ्युशियाच्या नव्या फांदीला धरून, तो. पंख वाळलेले, घडी घातलेले. गुलाबी. आणि शेवाळी. कडेला गुलाबी, मध्ये शेवाळी, पाठीवर पुन्हा गुलाबी रेघ, आणि पाय पांढरे शुभ्र, जणू मोजे घालून निघालेला.

फोटो मी पाहिले होते. पण फोटोत सगळंच भडक दिसतं, म्हणून मी विश्वास ठेवला नव्हता. इराने तर आजीला फोटो दाखवायला घरात बंदीच घातली होती. सरप्राइज म्हणून.

मेघाने फोन लावला. तिकडे दुपार होती, सासूबाई गच्चीवर कुरड्या वाळत घालत होत्या. तिथे ड्राइंगचा प्रश्न नसतो.

"आई, बघ," मेघा म्हणाली आणि कॅमेरा वळवला.

पडद्यावर चष्मा जवळ आला, फक्त चष्माच दिसायला लागला.

"निघाला?"

"निघाला."

"त्या मातीतून?"

"त्याच."

आणि एकदम, दोन गल्ल्या सोडून भाजीवाला वळेल असा आवाज आला. "अवो माय! गनपतीचा रंग लागला त्याले! पाहा ना, बिटाचं पितांबर अन् आपलं बिघडलेलं उपरनं! जसाच्या तसा!"

मी तोंड उघडलं. हा रंग त्या जातीला जन्मजातच असतो, मातीशी त्याचा संबंध नाही, असं शास्त्रीय वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मेघाचा पाय माझ्या पायावर होता. पण मी गप्प बसलो तो इरामुळे. वर्षभर ज्या मुलीने माझ्या प्रत्येक चुकीच्या माहितीला "ॲक्च्युअली, बाबा" म्हणून दुरुस्त केलं होतं, ती फोनकडे बघून मान हलवत होती.

"थांबा थांबा, जाऊ देऊ नोका त्याले!" पडद्यावर आकाश आलं, मग कुरड्या, मग पायऱ्या, मग कुठल्याशा घराचं छत आणि फिरता पंखा. फोन कुठेतरी ठेवला गेला होता. बायकांचे आवाज, भांड्याचा आवाज. आणि मग सासूबाई परत चौकटीत आल्या. त्यांच्या कडेवर शेजारणीचा नातू होता. जावळ कपाळावर, तोंडात स्वतःची मूठ. त्यांनी त्याला एका हाताने घट्ट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने त्याची मान फोनकडे वळवत होत्या.

"पाह्य बाप्पा, पाह्य. आमच्या बादलीतला हाय थो."

मेघा आत गेली. गॅसवर काहीतरी आहे म्हणाली. गॅसवर काही नव्हतं.

तो दिवसभर तिथेच राहिला. संध्याकाळी उजेड निवत आला तेव्हा त्याच्या अंगाला बारीक कंप सुटला, आणि मग तो ब्रीडाच्या हनीसकलवर गेला, हवेत एका जागी उभा राहून त्याने एका फुलात तोंड घातलं, आणि कुंपणापलीकडे नाहीसा झाला. पुढचं वाचलेलं सांगतो. जेमतेम काही आठवडे जगतात ते. मादी पानांवर एकेक अंडं ठेवत जाते आणि पिल्लं बाहेर येण्याची वाट बघत नाही. आई-मुलांची गाठ पडत नाही. मला हे वाचून नेहमी विमानतळ आठवतो, पण ही उपमाही मेघाने नापास केलेली आहे.

तेव्हापासून ते येतात. एखाद्या वर्षी नाही येत. या वर्षी आलेत. सासूबाईही आल्या आहेत, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आज सकाळी माझी आरोळी ऐकून त्या काठी टेकत बाहेर आल्या, स्टुलावर बसल्या आणि सोंडेकडे बघत म्हणाल्या, "औंदा कोनता रंग द्यायचा याले? जांभळा करून पाहू?"

इरा आता तेरा वर्षांची आहे. उंच झाली आहे, दार आपटायला शिकली आहे. कुंडीत आता नेमकं काय, कधी आणि किती ओतायचं हे तिच्या हातात असतं. बादलीतला जवळजवळ सगळा गाळ ती ब्रीडाच्या हायड्रेंजिया नावाच्या फुलझाडाला घालते आणि फ्युशियाच्या एका कडेला, गोट्यांपासून लांब, चमचाभर. ते आजीला ठाऊक आहे की नाही, मला ठाऊक नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

"गेल्या बारीले लय कमी टाकलं तू," आजी म्हणाल्या. "पुरी बादली टाक."

इराने सुरवंटाकडे पाहिलं, मग आजीकडे. आणि त्या डब्लिनच्या सुरात, पण मराठीत, म्हणाली, "नको आजी. थोडंसंच. रंगापुरतं."